प्रणाली प्रशासकाची निवड आणि प्रमाणपत्राचे मूल्य : एक चिकित्सा

संगणक प्रणाली प्रशासक नेमताना महाविद्यालयांच्या निवड समित्या प्रमाणपत्रांवर गरजेपेक्षा अधिक विसंबतात. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने प्रमाणपत्र आणि शासकीय नोकरी यांची सांगड जनमानसात पक्की केली. परंतु ते संगणक-साक्षरतेचे प्रमाणपत्र होय, सर्व्हर सांभाळण्याचे नव्हे.

सर्वच प्रमाणपत्रे एका मापाने मोजणे मात्र अन्यायाचे ठरेल. रेड हॅटच्या आरएचसीई परीक्षेत उमेदवाराला यंत्रणेवर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राची मुदतही तीनच वर्षांची असते. याउलट पर्यायनिवडीच्या परीक्षा निव्वळ पाठांतरानेही पार पडतात. ‘कागदी एमसीएसई’ ही उपहासाची संज्ञा उगाच रूढ झाली नाही. (मायक्रोसॉफ्टने ते प्रमाणपत्र देणे 2021 मध्ये बंदच केले.)

टिटवाळ्याहून लोकलने कल्याण-ठाण्याला मुलाखतीस येऊ पाहणारा, दुरुस्तीच्या दुकानात हात बसलेला, पण परीक्षा शुल्क न परवडणारा उमेदवार छाननीतच बाद होतो. यात महाविद्यालयाचेही नुकसान आहे. मुलाखतीच्या वेळी बिघाड केलेला सर्व्हर अर्धा तास उमेदवारापुढे ठेवावा, बॅकअपमधून गुणपत्रकांची माहिती परत मिळविण्यास सांगावे. प्रमाणपत्रांची फाईल त्यानंतर उघडावी.