आत्मविश्वास भाषणाने येतो का?

मीरा-भाईंदरच्या मुख्याध्यापकांनी आल्बर्ट बांडुरा यांचा ‘सेल्फ-एफिकसी’ (१९९७) हा ग्रंथ वाचावा, पण डोळसपणे. बांडुरा सांगतात, ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः काम तडीस नेल्याने; दुसऱ्याने दिलेला धीर त्यामानाने कमी टिकतो. म्हणजे परिपाठातल्या स्फूर्तिपर भाषणांनी फारसे साधत नाही.

मात्र येथे एक मेख आहे. ज्या शाळेतील शिक्षकांना स्वतःवर विश्वास, तिचा निकाल चांगला, असे प्रश्नावल्यांतून दिसते. पण चांगल्या निकालानेही विश्वास वाढतोच! मग कारण कोणते आणि परिणाम कोणता?

दुसरी मर्यादा याच रेल्वेमार्गाने डहाणूकडे गेल्यास कळते. कोसबाडच्या आदिवासी मुलांना गुरे राखावी लागत, म्हणून ती शाळेत येत नसत. उणीव आत्मविश्वासाची नव्हती; शाळेची वेळ आणि जागाच आड येत होती. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांना उपदेश केला नाही, शाळाच कुरणावर नेली. हे खरे नेतृत्व.

तेव्हा ‘मुलांत आत्मविश्वास नाही’ असा शेरा लिहिण्याआधी मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावे : मुलांना आणि नव्या शिक्षकांना तडीस नेता येईल असे कोणते काम आपण दिले? त्यांच्या वाटेतली कोणती अडचण दूर केली?