युरिडिसीची भूक

‘हेडिसटाउन’ मी पाहिलेलं नाही, ऐकलं आहे. चांगलं पाच-सहा वेळा. आपल्या आयांच्या पिढीनं कितीतरी संगीत नाटकं अशीच तबकड्यांवर ऐकली, थिएटरची पायरी न चढता. शिवाय इथे जवळजवळ सगळी गोष्ट गाण्यांतूनच सरकते. अ‍ॅनाइस मिचेल या गायिकेनं २००६ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये ते पहिल्यांदा केलं. २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि आठ टोनी पुरस्कार मिळवले.

जुनी ग्रीक कथा अशी, की युरिडिसीला साप चावतो. ऑर्फियस गात गात पाताळात जातो, तिला मागून घेतो. अट एकच, वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. तो बघतो. ओव्हिडच्या काव्यात तिच्या वाट्याला शेवटचा निरोप तेवढा येतो, तोही धड ऐकू न जाणारा.

मिचेलनं सापच काढून टाकला. तिची युरिडिसी भुकेली आहे. वादळात ती लाकूडफाटा, अन्न शोधत फिरते, नवऱ्याला हाका मारते. तो गाणं रचण्यात गढलेला. मग हेडीस येतो, काम आणि निवारा देऊ करतो, आणि ती आपल्या पायांनी खाली जाते. तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, असं नियतीच्या तिघी आपल्यालाच विचारतात. इथे मी जरा थबकले. आपण पर्युषणात उपास करतो, कुणी आठ-आठ दिवसांचे, आणि पारण्याला घर भरलेलं असतं. तो उपवास. युरिडिसीची आहे ती उपासमार. या दोन्हींत किती अंतर आहे हे भरल्या घरात बसून कळणं कठीण, आणि तरी तिला नावं ठेवायला आपणच पुढे असतो.

पर्सेफोनीवर मात्र माझं समाधान झालं नाही. गाते झकास, दारू पिऊन खदखदते, लग्नाला कंटाळलेली प्रौढ बायको म्हणून पटतेही. पण तिची आई कुठे गेली? मूळ कथेत पळवून नेलेल्या लेकीसाठी डिमीटर मशाली घेऊन वणवण करते, तिच्या दुःखानं जमीन पिकायची थांबते. इथे ऋतू बिघडतात ते नवरा-बायकोच्या भांडणानं. आईला वगळून हिवाळ्याचं कारणच बदललं की!

शेवटच्या वाटेवर युरिडिसी मागून गात असते, मी इथेच आहे म्हणून सांगत असते. त्याला ऐकू येत नाही. वादळातही आलं नव्हतं. आणि सगळं संपल्यावर पेला उंचावतात तो ऑर्फियसच्या नावानं, गाणाऱ्यांत खुद्द युरिडिसी. चाल इतकी गोड, की मीही गुणगुणते, आणि दर वेळी वाटतं, अगं, तू कशाला गातेस?