अक्षर भिंतीवर उतरताना

ट्युनिशिया देशाच्या आग्नेय किनाऱ्यावर गाबेस नावाचे शहर आहे. तेथील जारा मशिदीचा मिनार १९९४ साली बांधला गेला. त्याची उंची ५७ मीटर, म्हणजे सुमारे १८७ फूट. पुढची अठरा वर्षे तो नुसत्या सिमेंटच्या रंगात उभा होता. २०१२ च्या उन्हाळ्यात एल सीद या चित्रकाराने त्या मिनारावर अरबी अक्षरे रंगवली. काम दिवसाढवळ्या, भर वस्तीत चालले होते. वर पाळण्यात चित्रकार आणि खाली रस्त्यावर गाव.

या कामावर पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेकांनी पुरा झालेला मिनार पाहिला, त्याची छायाचित्रे छापली आणि सहिष्णुतेचा संदेश वगैरे शब्द वापरले. आम्हांला मात्र पुऱ्या झालेल्या मिनारापेक्षा अर्धवट मिनार अधिक महत्त्वाचा वाटतो. अर्धे अक्षर उतरले आहे, पुढचे काय येणार हे खालच्यांना ठाऊक नाही, अशी ती घडी.

आधी थोडे चित्रकाराविषयी. एल सीदचा जन्म १९८१ साली फ्रान्समध्ये, पॅरिसच्या परिसरात झाला. आईवडील ट्युनिशियाचे. घरात अरबी बोली बोलली जाई. लिहिणे-वाचणे मात्र तो अठराव्या वर्षाच्या सुमारास शिकला. त्याचे टोपणनाव एका जुन्या फ्रेंच नाटकाच्या नायकावरून आले आणि त्या नायकाचे नाव मूळ अरबी 'सय्यिद' या शब्दावरून. म्हणजे स्वतःचा शब्द परक्याच्या घरी जाऊन परत आणावा लागलेला हा माणूस. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही कथा फार ओळखीची वाटते. आमच्या वर्गातली कित्येक मुले घरी दखनी किंवा मराठी बोलतात, कुरआन नाजिरा वाचतात आणि उर्दूचे अक्षर शाळेत येऊन गिरवतात.

मिनार रंगवण्याआधी चित्रकार मशिदीच्या इमामसाहेबांना भेटला. त्याने पुढे एका भाषणात सांगितले की, कोणीतरी येऊन या मिनाराचे काही करावे याची आपण कित्येक वर्षे वाट पाहत होतो, असे इमाम म्हणाले. त्यांनी ना आराखडा मागितला, ना काय लिहिणार हे विचारले. हा विश्वास कोणत्या दिवसांतला होता तेही लक्षात घ्यावे. २०११ ची क्रांती नुकती होऊन गेली होती. २०१२ च्या जून महिन्यात राजधानीजवळच्या ला मार्सा येथे एका चित्रप्रदर्शनावरून हल्ले आणि दंगली झाल्या होत्या. धर्म आणि चित्रकला समोरासमोर उभी केली जात असताना एक इमाम आपला मिनार चित्रकाराच्या हवाली करतो. चित्रकाराने त्यावर सूरह हुजुरातची तेरावी आयत घेतली. माणसांच्या कौमा आणि कबिले झाले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असा त्या आयतीचा आशय आहे.

आम्ही हे काम चित्रफितीत पाहिले आणि एका मोकळ्या तासाला नववीच्या वर्गालाही दाखवले. मुले थोडा वेळ गप्प होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये पढने में क्यूं नहीं आ रहा?" प्रश्न अगदी रास्त होता. आम्हीही ती फीत तीनदा थांबवली तेव्हा कोठे एक-दोन शब्द लागले. एल सीदची अक्षरे एकमेकांवर चढतात, वेलीसारखी वळतात, मध्येच गुंता करून पुढे जातात. जुन्या खत्तातीचे शिस्तशीर शास्त्र येथे शोधू नये. त्या शास्त्रात कलमाच्या टोकाने नुक्ता काढतात आणि त्या नुक्त्यांच्या मापाने अलिफची उंची, बेची लांबी ठरते. कातिब मांडी घालून बसतो, कागद गुडघ्यावर असतो, सारे अक्षर एका नजरेत मावते.

मिनारावर हे सारे उलटे होते. अलिफ माणसाच्या कैक पट उंच आहे आणि चित्रकाराचे नाक भिंतीपासून दोन हातांवर. आपण काढतो आहोत ती रेघ वाकडी की सरळ, हे त्याला दिसत नाही. दिसते ते खालच्याला. चहा पिता पिता मान वर करणाऱ्याला, शाळेतून परतणाऱ्या पोराला. म्हणजे ज्याच्या हातात कुंचला आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या हातात काहीच नाही त्याला अक्षर आधी दिसते. उघड्यावरच्या प्रचंड भित्तिचित्राचे खरे वेगळेपण आम्हांला येथे सापडते. दालनात टांगलेल्या चित्रासमोर आपण उशिरा पोहोचतो, सारे आधीच ठरलेले असते. येथे पाहणारा कामाच्या मध्यावर हजर आहे. तो अंदाज करतो, त्याचा अंदाज चुकतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

चित्रफितीने नेमके हेच आमच्यापासून हिरावले. कित्येक दिवसांचे काम काही मिनिटांत पळाले. वाट पाहणे कापून टाकले की पाहणेही अर्धे उरते.

तसे पाहणे आम्ही लहानपणी केले आहे. फ्लेक्स येण्यापूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी एका बेकरीची उंच भिंत होती आणि तिच्यावर मराठी व उर्दू अशा दोन भाषांत नाव घालायचे ठरले. पेंटर मराठी माणूस, उर्दूचे एक अक्षर येत नव्हते. त्याने बांबूची परांची बांधली, रंगीत सुतळी ताणून रेघा मारल्या आणि डावीकडून मराठी झपाझप लिहून टाकले. उर्दूसाठी त्याच्या हाती एका कातिबचाचांनी लिहिलेला कागद होता. तो पाहून तो रेघ न् रेघ उतरवू लागला, तीही डावीकडून! खाली गर्दी जमली. कातिबचाचा स्टूल टाकून बसले आणि ओरडू लागले, "अरे भाऊ, उजवीकडून ये, उजवीकडून!" तीन दिवस हा तमाशा चालला. शेवटच्या दिवशी चाचा म्हणाले, "नुक्ता राहिला." पेंटर म्हणाला, "चाचा, एवढ्याशा ठिपक्यासाठी परत परांचीवर चढू?" चाचा म्हणाले, "चढावं लागेल, नाही तर बेकरीचं नावच बदलेल." तो चढला. त्या भिंतीवरचे उर्दू कोणाला परके वाटल्याचे आम्हांला आठवत नाही. एका मराठी पेंटरच्या हातून ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरले होते.

एल सीदचे दुसरे मोठे काम कैरोचे, २०१६ चे. शहराचा कचरा गोळा करून, निवडून, त्यावर पोट भरणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांची मन्शियत नासर ही वस्ती मोकत्तम टेकडीच्या पायथ्याशी आहे. लोक त्यांना जब्बालीन म्हणजे कचरेवाले म्हणतात. वस्तीच्या पाद्रींची संमती घेऊन चित्रकाराने आपल्या साथीदारांसह पन्नासहून अधिक इमारतींवर एकच वर्तुळाकार रचना रंगवली. पांढरा, नारिंगी, निळा असे रंग. वचन निवडले ते चौथ्या शतकातील बिशप संत अथनासियस यांचे. उजेड नीट पाहायचा असेल तर आधी डोळे पुसावेत, असा त्याचा भाव. सारी रचना टेकडीवरच्या एका ठरावीक जागेवरूनच जुळून दिसते.

कल्पकतेत हे काम मिनाराच्या पुढे आहे, यात शंका नाही. तरी आमचे मन गाबेसकडेच ओढ घेते. कैरोत जो त्या घरात राहतो त्याच्या वाट्याला नारिंगी रंगाचा एक पट्टा आला. पूर्ण अक्षर पाहायचे तर त्याला आपली वस्ती सोडून टेकडी चढावी लागते. आणि बाहेरचा पाहुणा कचऱ्याच्या गल्लीत पाऊल न टाकता वरूनच सारे पाहून जाऊ शकतो. ज्या नजरेला बदलायचे होते तिला पुन्हा उंचावरच बसवले, असे आम्हांला वाटते. चित्रकाराला हे उमगले नसेल असे नव्हे. वस्ती सुशोभित करणे हा हेतू नव्हता, संवाद सुरू करायचा होता, असे त्याने नंतर सांगितले. पण तो संवाद काम करताना झाला. टेकडीवरून घेतलेल्या छायाचित्रात तो नाही.

मात्र कैरोच्या भिंतींनी एक गोष्ट अशी केली जी आपल्याकडे हजार भाषणांनी होत नाही. मुसलमान घरातला चित्रकार, ख्रिस्ती संताचे वचन, ख्रिस्ती लोकांची घरे, आणि लिपी अरबी. तेथे कोणाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण ती त्या सर्वांची लिपी आहे.

आता आपल्याकडे पाहू. २०१६ सालीच, मे महिन्यात, दिल्लीत अखलाक अहमद आणि त्यांचा फ्रेंच सहकारी एका भिंतीवर दिल्लीविषयीचा उर्दू शेर रंगवत होते. काही लोकांनी येऊन काम थांबवले आणि लिहिलेले पुसायला लावले. शेरात काय होते हे त्यांनी विचारले नाही. लिपी दिसली, तेवढे पुरले. आमच्या बेकरीच्या भिंतीवरून आम्ही जो सिद्धांत उभा करू पाहत होतो, की डोळ्यांदेखत उतरलेले अक्षर परके वाटत नाही, तो येथे कोसळतो. हे अक्षरही डोळ्यांदेखतच उतरत होते.

म्हणूनच एल सीदचे एक म्हणणे आम्हांला मान्य करता येत नाही. आपण आपल्या भिंतींवर भाषांतर देत नाही, अरबी अक्षर अर्थाआधीच माणसाच्या आत पोहोचते, असे तो म्हणतो. गाबेसमध्ये हे ठीक. पॅरिसमध्येही कदाचित. दिल्लीत किंवा आपल्या तालुक्याच्या गावी न वाचता येणारे अक्षर आत पोहोचते ते धास्ती होऊन. येथे अर्थ शेजारी लिहावा लागेल, बेकरीवर होता तसा. कलेला त्यामुळे उणेपणा येत असेल तर येवो.

अकोला जिल्ह्यातील पातूरचा खटला वाचकांना ठाऊक असेल. नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव आहे म्हणून तक्रार झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे उर्दूचा वापर १९५६ पासून होता. न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी १५ एप्रिल २०२५ रोजी पाटी कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. आपल्या लोकांनी हा निकाल एकमेकांना मोठ्या आनंदाने पाठवला. आम्हीही पाठवला. पण मग आम्ही आमच्या घराकडे पाहिले. उर्दू वर्तमानपत्रात वडे बांधू नयेत, उर्दूच्या कागदावर पाय पडला तर उचलून डोळ्यांना लावावा, हे आम्हांला लहानपणी शिकवले गेले, मग त्या कागदावर साबणाची जाहिरात का असेना. ही अदब सुंदर आहे. पण लिपीला धर्म बनवण्याच्या कामात आपलाही थोडा हात आहे, हे कबूल करायला नको काय?

ही गोष्ट आम्हांला पुस्तकातून कळली नाही. चित्रफीत पाहिल्यावर मुलांनी हट्ट धरला की शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर आपणही काही लिहू. पहिली सूचना अर्थात आयतीची आली. एका वयोवृद्ध पालकांनी हरकत घेतली, "बेटा, मिनार की बात और है. इस दीवार पे लोग थूकते हैं." त्यांचे बरोबर होते. शेरावरही मतभेद झाले. शेवटी ठरले की वरच्या ओळीत मराठीची मुळाक्षरे घालायची आणि खाली त्या त्या ध्वनीचे उर्दू अक्षर.

काम चार दिवस चालले. परांची नव्हती, वर्गातली बाकेच एकावर एक ठेवली. पहिल्या दिवशी रस्त्यावरचे लोक नुसते पाहून गेले. दुसऱ्या दिवशी समोरच्या भाजीवाल्या मावशींनी विचारले, "ह्यातलं माझं नाव कुठनं सुरू होतं?" मुलांनी त्यांचे अक्षर दाखवले, वरचे आणि खालचे. त्या दोन्ही वेळा हसल्या. तिसऱ्या दिवशी एका निवृत्त मराठी गुरुजींनी सायकल थांबवून 'श'ची गाठ चुकल्याचे सांगितले आणि स्वतः कुंचला हातात घेऊन सुधारून दिली.

चौथ्या दिवशी गाडी 'ळ'पाशी अडली. उर्दूत 'ळ' नाही. कोणी म्हणाले लाम लिहा, कोणी म्हणाले लामवर खूण करा, गुरुजी म्हणाले की लाम म्हणजे 'ल', मग बाळाचा बाल होईल. मुलांनी तो चौकोन रिकामा ठेवला. पावसाळा येऊन गेला, रंग थोडा उतरला. येणारे-जाणारे अजून तेथे थांबून विचारतात, "हे एक लिहायचं राहिलं का?"