जिमची फी, तालमीची हजेरी आणि एक गाजलेला पेपर

रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की एखादा 'सगळ्यांना माहीत असलेला' पेपर उद्धृत करायचा मोह होतोच. जिमबद्दल असा पेपर म्हणजे डेलाव्हिन्या आणि माल्मेंडियर यांचा 'पेइंग नॉट टू गो टू द जिम' (अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, २००६). त्याचं सार बहुतेक जण असं सांगतात: लोक जिमची फी भरतात आणि जात नाहीत, म्हणून जिम सोडा, ग्रुपमध्ये व्यायाम करा. यातलं दुसरं वाक्य पेपरमध्ये नाही.

आधी पेपर काय सांगतो ते बघा. अमेरिकेतले तीन हेल्थ क्लब, ७,७५२ सदस्य, तीन वर्षांची हजेरी. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त फी भरणारे सरासरी ४.३ वेळा येत. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडले, आणि दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलरच पडले असते. लेखकांच्या मते लोक स्वतःच्या भावी शिस्तीबद्दल फाजील आशावादी असतात.

आता शंका काढा. पास घेतला असता तर हे लोक तितक्याच वेळा आले असते का? 'फी भरलीच आहे, तर जाऊ या' हा धाक काहींनी मुद्दाम विकत घेतला असेल. ही शक्यता लेखकांनी टाळलेली नाही. त्यांचं जास्त भक्कम उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे: वर्षाची फी एकदम भरणाऱ्यांपेक्षा मासिक सदस्य एक वर्षानंतरही टिकून राहण्याची शक्यता १७ टक्के जास्त. कधीही सोडता यावं म्हणून जादा पैसे मोजणारेच अडकून राहिले, कारण मासिक करार आपोआप पुढे चालू राहतो आणि 'रद्द करू उद्या' म्हणत तो राहूनच जातो. धाकाच्या युक्तीने हे समजावता येत नाही. पेपरचा खरा जोर इथे आहे, ४.३ मध्ये नाही.

मग ग्रुपचं काय? पार्करन घ्या. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावपटूंनी सुरू झालेली, स्वयंसेवकांनी चालवलेली, दर शनिवारची ५ किलोमीटरची फुकट धाव. किंवा आपली तालीम, जिथे दांडी मारली की वस्ताद विचारतो, "काल कुठं होतास रे?" इथे लोक टिकतात असं आपल्याला वाटतं, पण ते मोजायचं कसं? फुकट ठिकाणी नाव नोंदवून न येणाऱ्याचे पैसे जात नाहीत, त्यामुळे त्याची गैरहजेरी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. जिमचं अपयश पावतीवर छापून येतं, ग्रुपचं येत नाही.

शिवाय जिम आणि ग्रुप यांत दोन गोष्टी एकदम बदलतात: पैसे आणि माणसं. चार्नेस आणि नीझी यांनी २००९ मध्ये दाखवलं की विद्यार्थ्यांना जिमला येण्याबद्दल पैसे दिले, तर पैसे थांबल्यावरही त्यांची हजेरी वाढलेली राहिली. तिथे वस्ताद नव्हता, तरी सवय लागली. म्हणून 'ग्रुपमुळेच लोक टिकतात' असं लिहिण्याआधी फी तीच ठेवून फक्त सोबत बदलणारी तुलना मांडा. आणि हजेरी फक्त आलेल्यांची मोजू नका. पहिल्या दिवशी नाव दिलेल्या प्रत्येकाची मोजा. गाइड पहिला प्रश्न हाच विचारतील.