भरताचे भरण

शकुंतलेची कथा मराठी वाचकास दोन वाटांनी भेटते. एक व्यासांची, जी पुराणिकांच्या निरूपणातून व मोरोपंतांच्या आर्याभारतातून आली. दुसरी कालिदासाची, जी संस्कृतच्या वर्गातून व रंगभूमीवरून आली. या दोहोंची तुलना नवी नाही, आणि तिचा निकालही बहुधा ठरलेला असतो. व्यासांची शकुंतला रोखठोक, कालिदासाची कोमल. महाभारतातील राजा लबाड, नाटकातील राजा शापामुळे निर्दोष. सबब कवीने कच्च्या धातूचे सोने केले. कलेच्या दृष्टीने हा निकाल फिरवावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु दोन्ही कथांत तिसरे एक माणूस आहे, ते म्हणजे मूल. त्या मुलाला अन्न, वस्त्र आणि नाव कोणी द्यावयाचे, एवढा एकच प्रश्न मनात धरून दोन्ही ग्रंथ पुन्हा वाचले असता जे दिसते ते येथे मांडावयाचे आहे.

आदिपर्वातील शकुंतला विवाहापूर्वीच अट घालते : माझ्या पोटी जो पुत्र होईल तो तुमच्यामागे राज्याचा अधिकारी झाला पाहिजे. राजा अट मान्य करतो, चतुरंग सेना पाठवून तुला नेईन असे आश्वासन देतो आणि निघून जातो. सेना येत नाही. मूल कण्वाच्या आश्रमात जन्मते, वाढते. सहा वर्षांचे असताना वाघसिंहांना झाडाशी बांधू लागते, म्हणून आश्रमातले लोक त्याला सर्वदमन म्हणू लागतात. तेव्हा कण्व मायलेकांना हस्तिनापुरास धाडतात. तेथे सभेत राजा तिला ओळख देत नाही. व्यासांनी येथे वाचकास संशयाला जागा ठेवलेली नाही. राजाला सारे आठवत होते आणि आठवत असूनही तो नाही म्हणाला, असे ते स्पष्ट सांगतात.

यानंतरचे शकुंतलेचे भाषण संस्कृत वाङ्मयातील थोर भाषणांपैकी एक आहे. एकांतात केलेल्या कर्माला साक्षी नसतो असे समजू नकोस, सूर्यचंद्र पाहतात आणि आतला पुरुषही पाहतो, असे ती बजावते. दुसऱ्याचे मोहरीएवढे दोष तुला दिसतात आणि आपले बेलफळाएवढे दिसत नाहीत, असेही सुनावते. पण या सर्वांहून आम्हांस मोलाचे वाटते ते तिचे एक साधे विधान. लहानपणी जन्मदात्यांनी मला टाकले आणि आता तू टाकतोस, असे म्हणून ती सांगते की तू टाकलेली मी खुशाल आश्रमात परत जाईन. परंतु हे बालक तुझे आहे, त्याला टाकण्याचा तुला अधिकार नाही.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पत्नी म्हणून आपला जो हक्क आहे तो ती बाजूला काढून ठेवते आणि मुलाचा हक्क स्वतंत्रपणे पुढे मांडते. नवराबायकोचे पटो वा न पटो, लग्न खरे ठरो वा खोटे, त्याचा परिणाम मुलाच्या वाट्यावर होता कामा नये, हा विचार तिने भर सभेत उच्चारला. भांडणाऱ्या दोन माणसांना आजही हा भेद करता येत नाही. बायकोवरचा राग मुलाच्या महिन्याच्या रकमेवर काढणारा बाप आणि ती रक्कम आपल्या मानापमानाशी जोडणारी आई, दोघेही शकुंतलेच्या एका वाक्यात उघडे पडतात. (तिचा स्वतःचा पिता विश्वामित्र, मेनकेने नवजात मुलगी नदीकाठी ठेवली, पाखरांनी राखली, कण्वाने वाढविली. विश्वामित्राने कधी चौकशी केल्याचे या कथेत आढळत नाही. म्हणजे हा अनुभव तिच्या घराण्यात दुसऱ्यांदा येत होता.)

पुढे आकाशवाणी होते, मूल राजाचेच ठरते, आणि राजा खुलासा करतो : मला ठाऊकच होते, परंतु केवळ हिच्या शब्दावर मी स्वीकार केला असता तर लोकांनी शंका घेतली असती. हा खुलासा मान्य करणारे टीकाकार आहेत. आम्हांस तो पटत नाही. लोकांची खात्री पटविण्यासाठी नकाराचे सोंग करणाऱ्या राजाला तिच्या आईस वारांगना म्हणण्याची, स्त्रिया खोटेच बोलतात असे म्हणण्याची काय गरज होती? सोंगाला लागते त्याहून अधिक विष त्याच्या बोलण्यात आहे. व्यासांनी ते विष गाळून टाकले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

आकाशवाणी काय सांगते तेही नीट ऐकले पाहिजे. माता म्हणजे केवळ कातड्याची पिशवी, पुत्र पित्याचाच, असे तिचे म्हणणे आहे. आईच्या श्रमांची ही किंमत आजच्या वाचकास झोंबेल आणि झोंबावी. मुलाचा हक्क सिद्ध झाला खरा, परंतु ज्या स्त्रीने तो एकटीने लढविला तिला बाजूस सारून. मात्र त्याच वाणीने राजाला पुत्राचे भरण करण्याची आज्ञा दिली आणि त्या आज्ञेवरूनच मुलाचे नाव भरत पडले. ज्याचे भरण पित्याने करावयाचे आहे तो भरत. आपण भरणपोषण म्हणतो त्यातले हेच भरण, आणि या देशाच्या नावाची एक परंपरागत उपपत्ती याच मुलापाशी जाऊन पोचते.

आता कालिदास. त्याने शकुंतलेला सभेत आणले तेव्हा मूल पोटात आहे. त्यामुळे सभेतला वाद मुलाविषयीचा न राहता ओळखीविषयीचा झाला. दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी यांमुळे राजा नकार देतो तो खोटेपणाने नव्हे, विस्मृतीने. नाटकास याचा लाभ झाला आहे. पाचव्या अंकातले कारुण्य दोन्ही पक्ष निरपराध असल्यामुळेच इतके गहिरे होते. पण विसरलेल्या माणसाला कर्तव्य कसे विचारणार? पुरोहिताने सुचविलेला तोड पाहावा : ही प्रसूत होईतो माझ्या घरी राहो, मुलाच्या अंगी चक्रवर्तीची लक्षणे दिसली तर अंतःपुरात घ्यावी, नाहीतर बापाकडे पाठवावी. लक्षणे नसलेल्या मुलाचे काय, हे कोणी विचारत नाही. साध्या, अलक्षणी मुलालाही भूक लागते.

सहाव्या अंकात कवीने याहून विलक्षण प्रसंग योजला आहे. धनमित्र नावाचा व्यापारी जहाज फुटून मरतो, निपुत्रिक म्हणून त्याचे धन राजाकडे जमा व्हावयाचे असते. राजा चौकशी करतो, त्याच्या एका पत्नीचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळते, आणि गर्भातले मूल पित्याच्या धनाचे अधिकारी आहे असा निवाडा तो देतो. निवाडा निर्दोष आहे. परंतु तो देणाऱ्या राजाने स्वतः एक गर्भवती दारातून परत पाठविली आहे, आणि एव्हाना त्याला ते आठवलेही आहे. तो शोक करतो, मूर्च्छित पडतो. मात्र त्याचा शोक असा की आमच्यामागे पितरांना पाणी कोण देईल? मुलाला आपण हवे होतो, हा विचार त्याला शिवत नाही. कालिदासाने हा उपरोध जाणून घातला असे आम्ही मानतो. इतका सूक्ष्म कवी धनमित्राला विनाकारण बुडविणार नाही.

शेवटी सातव्या अंकात मुलाच्या नावाची उपपत्ती बदलते. हा लोकांचे भरण करील म्हणून भरत होईल, असे मारीच ऋषी भाकीत करतात. धातू तोच आहे. व्यासांच्या कथेत जे मुलाचे येणे होते ते येथे मुलाच्या अंगचा गुण झाले आहे, आणि दुष्यंताच्या नावे कोणतीच आज्ञा उरलेली नाही.

मराठी रंगभूमीने ही दुसरी कथा उचलली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यात संगीत शाकुंतल उभे केले तेव्हापासून आपल्या मनातली शकुंतला ती हीच, गाणारी आणि रडणारी. वाद घालणारी शकुंतला आदिपर्वातच राहिली. आम्हांस याची खंत वाटते ती शिक्षक म्हणून. शाळेच्या कार्यालयात बसणाऱ्या माणसास हा विषय पोथीतला वाटत नाही. प्रवेशाच्या अर्जावर मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लागते आणि रोजच्या हजेरीत ते पुकारले जाते. फी मात्र आजोळचा मामा भरतो, आणि प्रगतिपुस्तकावर सही आईची असते. अशा मुलाविषयी गावात बोलतात ते नशिबाच्या भाषेत, शापाच्या भाषेत. देण्याच्या भाषेत बोलताना आम्ही फारसे कोणास ऐकलेले नाही.

कायदा मात्र देण्याची भाषा बोलतो, जरी कृपणपणे. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 488 ने औरस व अनौरस दोन्ही अपत्यांना दरमहा रक्कम देववली, पण तिची कमाल मर्यादा प्रथम 50 रुपये, 1923 पासून 100, 1955 पासून 500. 1973 च्या नव्या संहितेतील कलम 125 ने 500 चाच आकडा पुढे चालविला. काही राज्यांनी तो आपल्यापुरता वाढविला, तरी केंद्रीय कायद्यातून ही मर्यादा गेली ती 2001 साली. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. या तरतुदीचा मूळ हेतू कोणी उपाशी भटकू नये एवढाच होता, आणि पोटगी या आपल्या शब्दातही पोटच आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येत शिक्षण व औषधोपचार घातले, हे आमच्या पेशाच्या दृष्टीने मोठेच पाऊल. पत्नीचा हक्क काही कारणांनी बुडू शकतो. त्याच कारणांनी मुलाचा बुडत नाही. शकुंतलेचा भेद कलमांत उतरला आहे.

उरतो तो मोजमापाचा तंटा. दुष्यंत आठवत नाही म्हणाला; आजचा बाप मिळकत नाही म्हणतो. पत्नी गरजा फुगविते आणि पती उत्पन्न लपवितो, ही प्रवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात नोंदविली, आणि दोघांनीही मिळकत, मालमत्ता व खर्च शपथेवर लिहून द्यावा असा दंडक घातला. निर्वाहाची रक्कम अर्जाच्या तारखेपासून मोजावी, हेही त्यातच ठरले.

अर्जापूर्वीच्या वर्षांचे काय? व्यासांचा राजा शकुंतलेचा वस्त्रे व अन्नपान देऊन सत्कार करतो. कण्वाच्या आश्रमातल्या सहा वर्षांचा उल्लेख तो करीत नाही. नाटकात मूल मारीचांच्या आश्रमात वाढले, तेथेही राजा बापपणाचा आनंद घेतो आणि रथात बसतो. निघण्यापूर्वी मारीच आपल्या गालव नावाच्या शिष्यास कण्वाकडे पाठवितात. शाप सरला, राजाला स्मरण झाले, पुत्रासह शकुंतलेचा स्वीकार झाला, एवढाच तो निरोप आहे.