पंखांचे ओझे

मुलांची छायाचित्रे आज घरोघरी आहेत. परंतु त्यांपैकी फारच थोड्यांत मूल दिसते. पुष्कळदा दिसते ती वडीलधाऱ्यांची अपेक्षा. हे विधान वाचकांस कठोर वाटेल, म्हणून ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या दोन छायाचित्रांच्या आधारे ते तपासून पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

कॅमेरॉनबाईंचा जन्म १८१५ सालचा, कलकत्त्याचा. इंग्लंडमधील वाइट बेटावर राहत असता, डिसेंबर १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांना लेक-जावयाकडून कॅमेरा भेट मिळाला. काचेवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तोवर समोरच्याने काही मिनिटे निश्चल बसावयाचे, अशी ती पद्धत. मुलांची त्यात केवढी परीक्षा होत असेल!

जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी फिलपॉट या मुलीचे छायाचित्र घेतले आणि त्यास आपले पहिले यश म्हटले. चौकटीत फक्त चेहरा व खांदे. अंगात साधा कोट, केस काहीसे विस्कटलेले, नजर बाजूला कुठेतरी लागलेली. ती हसत नाही, आणि रुसलेलीही नाही. आपल्याच विचारात आहे. कॅमेरा एवढा जवळ येऊनही तिचे एकांत तिच्यापाशीच राहिले, हे या चित्राचे थोरपण. चित्र साधल्याच्या आनंदात बाईंनी मुलीला काही द्यावे म्हणून घरभर शोधाशोध केली. हे चित्र जणू तिनेच घडविले असे आपणांस वाटले, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले. छायाचित्रकाराची याहून मोठी नम्रता आम्हांस ठाऊक नाही.

दुसरे चित्र १८७२ चे. रॅशेल गर्नी ही त्यांची नात्यातली मुलगी देवदूताच्या वेषात आहे: पाठीला पंख, घडी घातलेल्या हातांवर टेकलेली हनुवटी. राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’तील दोन बालदूतांची आठवण चटकन व्हावी, अशी ही मांडणी. पण चेहऱ्यावर आहे निखळ कंटाळा! हंसाचे ते जड पंख चिमुकल्या खांद्यांना कसे बांधले जात, हे तिच्या बहिणीने पुढे सांगून ठेवले आहे. देवदूत साधला नाही. पण कंटाळलेले मूल मात्र नेमके सापडले. बाईंच्या योजनेवर चेहऱ्याने मात केली, म्हणूनच ते चित्र आजही जिवंत वाटते.

त्या काळच्या जाणकारांनी कॅमेरॉनबाईंच्या चित्रांतील धूसरपणावर टीका केली. तांत्रिक दोष होते, हे आम्हीही मान्य करतो. पण कडा रेखीव असल्या की भाव उमटतोच असे नाही. आमची तक्रार निराळी आहे. वेषांतराच्या हौसेत त्यांनी कित्येक मुलांवर प्रतीकांचे ओझे लादले, आणि जेथे चेहरा त्याखाली दबला तेथे चित्रही दबले.

आता आपल्याकडे वळू. प्रथम कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या पोषाखातील मुलांना आपण ‘हास, इकडे बघ, हात जोड’ असे कितीदा बजावतो! ते छायाचित्र अवश्य घ्यावे. नातेवाइकांना तेच हवे असते. पण नंतर थोडे थांबावे. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा, खिडकीचा सौम्य प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा, आणि मूल आपल्याला विसरेपर्यंत काही बोलू नये. त्या क्षणी उमटणारी मुद्रा आपल्या पसंतीची नसेल. ती कंटाळ्याची असेल, भीतीची असेल किंवा अनाकलनीयही असेल. पण ती त्याची असेल, आणि तिचा मान राखणे हाही वात्सल्याचाच एक प्रकार आहे.