सिंधूचं जातं ऐकू येऊ द्या

मंडळी, जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. बोलणं तिथूनच सुरू करू. १९१९ साली त्यांनी 'एकच प्याला'तली सिंधू उभी केली. तिचं ठिगळांचं लुगडं न बोलता गरिबी सांगायचं. रेडिओवर लुगडं दिसणार कसं? मग आम्ही रूपांतर करणारे निवेदक आणतो आणि तो गरिबीचं वर्णन करत बसतो. आमचं चुकतं ते इथंच. गडकऱ्यांनी सिंधूला दळायला बसवलंय ना! आपल्या खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. बहिणाबाईंच्या कवितेतही तो आहे. त्याची घरघर ऐकवा. सुधाकर झिंगत दारात आला की ती एकदम थांबवा. धुळ्या-जळगावच्या आजीबाईंना पुढचं सांगावं लागत नाही. कात्री लावायचीच तर आमच्या निवेदनाला लावू, गडकऱ्यांच्या शब्दांना नको.